सापडेल असे लिहून ठेवा: नकाशे आणि पेटंट यांविषयी खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात मुक्त स्रोत भूमाहिती सॉफ्टवेअर घडवणारे, शिकवणारे आणि रोजच्या कामात वापरणारे सर्वजण यांस

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात राहतो आणि गेली चौदा वर्षे क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस आणि जीडीएएल या मुक्त स्रोत नकाशा-सॉफ्टवेअरच्या आधारे नकाशांची कामे करतो. गावठाणांचे नकाशे, नळपाणी योजनांच्या वाहिन्या, उसाच्या गटांची क्षेत्रे आणि २०१९ पासून मुख्यतः पुराचे नकाशे, असे आमच्या तिघांच्या छोट्या कार्यालयाचे काम आहे. मी वकील नाही आणि पेटंट एजंटही नाही. तरीही पेटंट या विषयावर आपणा सर्वांना जाहीर पत्र लिहावे असे वाटले, कारण एका निविदेतील एक कलम मला वाचावे लागले आणि ते वाचल्यावर मी आमच्याच कपाटाची झडती घेतली.

गेल्या वर्षी एका कार्यालयाने प्रभागनिहाय पूरनकाशांचे काम काढले. निविदेच्या अटींत, अनामत रक्कम आणि जीएसटी यांच्या कलमांच्या मधोमध, असे एक कलम होते की पुरवठादाराने वापरलेल्या सॉफ्टवेअरमुळे किंवा पद्धतीमुळे कोणाच्याही पेटंटचा भंग झाल्याचा दावा आला, तर त्याचा सारा खर्च आणि भरपाई, कोणतीही कमाल मर्यादा न ठेवता, पुरवठादार सोसेल. निविदापूर्व बैठकीत एका कंपनीच्या प्रतिनिधीने सादरीकरण केले, त्यात एका आकृतीखाली ‘पेटंट पेंडिंग’, म्हणजे पेटंटचा अर्ज केलेला आहे, असे दोन शब्द होते. ती आकृती पाहून माझ्या सहकाऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला, कारण ती युक्ती आम्ही काही वर्षांपासून वापरत होतो. त्यांनी ती आमच्याकडून उचलली असे मी म्हणत नाही. पुराच्या काठावर राहणाऱ्या कोणालाही सुचेल इतकी ती साधी आहे, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते. त्या हमीपत्रावर आम्ही सही केली नाही आणि काम गेले.

युक्ती काय ती सांगतो, म्हणजे ती निदान या पत्रात तरी नोंदली जाईल. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण बंधाऱ्यावर ४५ फूट पाणी असताना आपल्या गल्लीत ते कोणाच्या उंबऱ्यापर्यंत येईल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उपग्रहावरून मोफत मिळणारी उंचीची माहिती तीस मीटरच्या चौकटींची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक सहज असते. गल्लीत मात्र एका जोत्यात आणि शेजारच्या जोत्यात दोन फुटांचा फरक असला, तर एक घर कोरडे राहते आणि दुसरे बुडते. म्हणून २०१९ चा पूर ओसरल्यावर आम्ही भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या रेषा शोधत फिरलो. रेषा पुसली गेली होती तिथे घरच्यांना विचारून खडूने खूण केली, आणि ऑटो लेव्हल व स्टाफ (उंची मोजण्याची दुर्बीण आणि पट्टी) घेऊन शुक्रवार पेठेपासून सुतारमळ्यापर्यंत जोत्यांच्या आणि त्या रेषांच्या उंच्या घेतल्या. पुराचे पाणी ताटासारखे सपाट नसते. नदीच्या वरच्या अंगाला ते किंचित चढे असते, खालच्या अंगाला उतरते, आणि नाल्यातून मागे फुगून आलेल्या पाण्याची पातळी आणखी निराळी असते. त्या खुणांवरून, जवळच्या खुणेला जास्त आणि लांबच्या खुणेला कमी भार देऊन, आम्ही पाण्याचा तिरका पृष्ठभाग उभा केला आणि तो बंधाऱ्यावरच्या त्या दिवशीच्या आकड्याशी जोडला. पुढे बंधाऱ्याचा नवा आकडा आला की कोणत्या जोत्यापाशी किती पाणी येईल, हे काढता येऊ लागले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा आमचे अंदाज बहुतेक ठिकाणी वीतभराच्या फरकाने जुळले. कुंभार गल्लीत मात्र आम्ही चांगलेच चुकलो, कारण जयंती नाल्याचे फुगलेले पाणी आम्ही नीट धरले नव्हते.

यात नवे असे काय आहे? अंतराच्या व्यस्त प्रमाणात भार देण्याची रीत डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ मध्ये मांडली. भिंतीवरची पुराची रेषा मोजणे तर त्याहून कितीतरी जुने आहे. जोडकाम आमचे, एवढेच.

आता कपाटाची गोष्ट. आधीपासून जाहीर असलेल्या गोष्टीवर पेटंट टिकत नाही, म्हणून बैठकीहून परतल्यावर, हे काम आम्ही आधीपासून करतो हे सिद्ध करण्यासाठी आपल्याकडे काय आहे, ते मी शोधू लागलो. दोनशे पानी एक वही निघाली. तिच्यात उंच्यांचे रकाने होते, गल्लीची नावे होती, एका पानावर चहाच्या कपाचा डाग होता, पण तारीख फक्त पहिल्या पानावर होती आणि तिच्यात साल नव्हते. फोटो व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर होते आणि तो ग्रुप फक्त नऊ जणांचा होता. पेनड्राइव्हवर ‘पूर फायनल नवीन २’ अशा नावाची फाइल होती. सगळ्यांत भरवशाचे म्हणून गिटमधल्या (प्रोग्रॅममधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या) नोंदी उघडल्या, तर त्या वेळच्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल गेलेला असल्याने पहिल्या अकरा नोंदींवर १ जानेवारी २०१० ही तारीख होती. म्हणजे आमच्या कागदोपत्री आम्ही पुराच्या खुणा पूर येण्याच्या साडेनऊ वर्षे आधी मोजल्या होत्या. घड्याळ बरोबर असते तरी त्या नोंदीला फारसा अर्थ नव्हता, कारण गिटमधली तारीख ज्याची त्याला हवी तशी घालता येते, आणि समोरचा वकील हे पहिल्या पाच मिनिटांत सांगेल.

आपल्यातील बहुतेकांची समजूत अशी असते की भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही, तेव्हा हा अमेरिकेतला वाद आहे. ही समजूत अर्धी खरी आहे. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मधील उपकलम ‘के’ प्रमाणे गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅम यांना शोध मानले जात नाही. त्याच कलमाचे उपकलम ‘एन’ माहितीच्या नुसत्या मांडणीला पेटंट नाकारते आणि नकाशांच्या बाबतीत तेही तितकेच उपयोगी आहे, पण त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने उपकलम ‘के’ सैल करून उद्योगातील तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोड असलेल्या प्रोग्रॅमना वाट करून देण्याचा प्रयत्न झाला होता. २००५ मध्ये कायदा करताना संसदेने ती दुरुस्ती वगळली. इथपर्यंत सारे आपल्या बाजूचे आहे.

सारी अडचण ‘निव्वळ’ या शब्दात आहे. प्रोग्रॅम निव्वळ केव्हा आणि त्याहून अधिक केव्हा, यावर पेटंट कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वे ऑगस्ट २०१५ मध्ये आली, टीका झाल्यावर डिसेंबरमध्ये स्थगित झाली, फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या हार्डवेअरची अट घेऊन परत आली आणि जून २०१७ मध्ये ती अट गाळून पुन्हा बदलली. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की ‘निव्वळ’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे, आणि तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक भर दाखवता येत असेल तर केवळ संगणकावर चालतो म्हणून शोध नाकारता येणार नाही. त्या निकालामागचा विचार मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. उपग्रहस्थितीचा रिसीव्हर किंवा लेसरने मोजणारे उपकरण बनवणाऱ्याला त्याच्या शोधाचा हक्क मिळावा. पण अर्ज लिहिणारा हुशार असतो. तो ‘नकाशावर अंतर मोजण्याची रीत’ असे न लिहिता ‘प्रोसेसर, मेमरी आणि प्रदर्शक यांनी युक्त अशी प्रणाली’ असे लिहितो, आणि मग ती रीत निव्वळ आहे की नाही हे ठरवण्याचे काम परीक्षकाच्या टेबलावर जाते. त्या परीक्षकाला तीच रीत आधीपासून वापरात असल्याचा कागद सापडला, तर अर्ज तिथेच अडतो. कागद सापडला नाही, तर परीक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्याच क्षेत्रात पेटंटने काय केले, हे नव्याने आलेल्या मुलांना फारसे माहीत नसते. आज आपण उपग्रह चित्र जीओटिफ या फाइलप्रकारात साठवताना एलझेडडब्ल्यू ही दाबपद्धती (फाइल लहान करण्याची रीत) निवडतो आणि पुढे जातो. टेरी वेल्च यांनी ही पद्धती १९८४ मध्ये एका लेखातून जगापुढे ठेवली, पण तिच्या पेटंटचा अर्ज १९८३ मध्येच केलेला होता; १९८५ मध्ये पेटंट मिळाले आणि ते युनिसिस या कंपनीकडे आले. लोकांनी लेख वाचून पद्धती वापरली, १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने तिच्यावर जीआयएफ हा चित्रप्रकार उभारला, तो सर्वत्र पसरला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये परवाना शुल्काची घोषणा झाली. पीएनजी हा प्रकार त्या संतापातून जन्मला. टिफ फायली लिहिणाऱ्या लिबटिफ या लायब्ररीने (तयार प्रोग्रॅमसंचाने) एलझेडडब्ल्यूने दाबणारा भाग बाहेर काढून वेगळा ठेवला. इंटरनेटवर नकाशे पुरवणारे मॅपसर्व्हर ज्या जीडी लायब्ररीकडून चित्र काढून घेत असे, तिने १९९९ मध्ये जीआयएफ टाकून दिले आणि २००४ मध्ये ते परत आणले, कारण अमेरिकेतले पेटंट जून २००३ मध्ये संपले होते आणि इतर देशांतले त्यानंतरच्या वर्षी. एखाद्या पर्यायाशेजारी तो बंद असल्याची ओळ त्या काळात ज्याने वाचली असेल, त्याला हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या दिशादर्शक उपकरणे बनवणाऱ्या डच कंपनीवर आठ पेटंटांसाठी दावा लावला. त्यांतली पाच वाहनातील दिशादर्शनाशी संबंधित होती आणि तीन फायली साठवण्याच्या पद्धतीशी. ही तीन लिनक्स या मुक्त स्रोत संगणकप्रणालीच्या गाभ्याला भिडत होती. महिन्याभरात तडजोड झाली, टॉमटॉमने पैसे दिले आणि फायलींची लांब नावे साठवण्याची ती सोय काढून टाकण्याचे मान्य केले. पेटंट खरे होते की पोकळ, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नाही, आणि बहुतेक प्रकरणे अशीच संपतात. जिओटॅग नावाच्या कंपनीने २०१० पासून टेक्सासमध्ये शेकडो व्यावसायिकांवर दावे लावले, आणि ते कशासाठी, तर त्यांच्या संकेतस्थळावर ‘जवळचे दुकान शोधा’ अशी सोय होती म्हणून. नकाशावर चौकट आखून मोठे करत करत विक्रीला असलेली घरे शोधण्याची रीतही अमेरिकेत पेटंट झाली होती. ही पेटंट देण्याजोगी गोष्टच नाही, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले, तोवर पेटंटची मुदतही उलटून गेलेली होती.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे प्रकरण. बर्लिनच्या आर्ट अँड कॉम या संस्थेने नव्वदच्या दशकात टेराव्हिजन नावाने पृथ्वीचा असा आभासी गोल तयार केला होता की अंतराळातून रस्त्यापर्यंत सलग खाली येता येई. त्यांनी त्याचे पेटंट घेतले आणि २०१४ मध्ये गूगल अर्थविरुद्ध अमेरिकेतील डेलावेअरमध्ये दावा लावला. लहान कलावंत-तंत्रज्ञांची संस्था आणि समोर महाकाय कंपनी, त्यामुळे सहानुभूती साहजिकच संस्थेकडे जाते. माझीही गेली होती. पण २०१६ मध्ये ज्यूरीने पेटंटच रद्दबातल ठरवले आणि २०१७ मध्ये अपिलात ते कायम राहिले. कारण असे की कॅलिफोर्नियाच्या एसआरआय या संस्थेने जवळपास त्याच नावाची आणि त्याच धर्तीची प्रणाली आधीच जाहीरपणे दाखवली होती, आणि ती लिहिणारा अभियंता वीस वर्षांनी साक्षीला उभा राहू शकला. निकाल कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो कशावर लागला, हे पाहण्यासारखे आहे: जुने प्रात्यक्षिक, त्याची नोंद आणि ते आठवणारा माणूस. आमच्या खडूच्या खुणा आठवणारी माणसे अजून हयात आहेत, पण त्या खुणा ज्यांच्यावर होत्या त्यांपैकी दोन घरे आता पाडली गेली आहेत.

पण नुसती नोंद असणेही पुरत नाही. अमेरिकेतील अपील न्यायालयाचे दोन जुने निकाल मला एका वकील मित्राने वाचायला दिले. १९८६ च्या हॉल प्रकरणात पेटंट अडले ते जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एका प्रबंधामुळे. प्रत एकच, पण ती सूचीत नोंदलेली होती. कोणीही विषय शोधत गेला असता तर त्याला ती मिळाली असती, म्हणून ते प्रकाशन ठरले. १९८९ च्या क्रोनिन प्रकरणात रीड कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचे तीन प्रबंध होते. तेही ग्रंथालयात होते, कोणालाही पाहता येत होते, पण त्यांची कार्डे फक्त लेखकाच्या नावाने लावलेली होती आणि विभागातली कार्डे तर बुटाच्या खोक्यात ठेवलेली होती. विषयावरून ते सापडण्याचा मार्ग नव्हता, म्हणून ते प्रकाशन ठरले नाहीत. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आपले सारे ज्ञान आज त्या बुटाच्या खोक्यात आहे, हे वाचताना लख्ख दिसले. आपल्या कार्यशाळांची टिपणे ‘दिवस दुसरा, सत्र तिसरे’ अशा नावाने पडून असतात, आणि प्लगइनच्या (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या पुरवणीच्या) माहितीत ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिलेले असते. शिवाजी विद्यापीठासह राज्यभरच्या विद्यापीठांत भूगोलाच्या प्रबंधांतून कितीतरी पद्धती बारकाईने मांडल्या गेल्या आहेत, पण शीर्षकात तालुक्याचे नाव असते आणि पद्धतीचे नसते.

या बाबतीत आपल्याकडे एक पूर्वीचा धडा आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. सांगलीच्या हळदीचा वास आमच्या रेल्वेपर्यंत येतो, त्यामुळे इथे ती बातमी जरा जास्तच झोंबली होती. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ३२ संदर्भ उभे केले, त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. हा भाग सर्वांना माहीत असतो. त्यानंतर जे झाले ते मला अधिक मोलाचे वाटते: २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला गेला, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत, आणि तोही पेटंट परीक्षकाच्या वर्गवारीशी जुळेल अशा मांडणीत. ज्ञान पोथीत होतेच. ते परीक्षकाच्या शोधात यावे, यासाठी ती सारी खटपट झाली.

आपल्याला एवढा मोठा संग्रह उभारायचा नाही. पण आपल्या प्रत्येक उपयोगी युक्तीचे दोन पानी टिपण झाले पाहिजे, ज्यात ती कोणत्या अडचणीसाठी आहे, पायऱ्या कोणत्या, कोणता डेटा लागतो, ती कुठे चुकते आणि दुसऱ्या कोणत्या प्रकारे करता आली असती, हे साध्या मराठीत आणि वर एका इंग्रजी गोषवाऱ्यासह लिहिलेले असेल. पर्यायी प्रकार लिहिण्याचा कंटाळा करू नये, कारण आपण एकच रीत लिहिली तर शेजारची रीत कोणीतरी आपल्या नावावर करू शकतो. टिपणाच्या डोक्यावर आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गवारीतील चिन्ह घालावे: नकाशे आणि आराखडे जी०९बी २९ मध्ये येतात, दिशादर्शन जी०१सी २१ मध्ये, भौगोलिक माहितीसाठे जी०६एफ १६/२९ मध्ये आणि भूरूपांची त्रिमित प्रतिमाने जी०६टी १७/०५ मध्ये. परीक्षक याच कप्प्यांत शोधतो, तेव्हा आपले टिपणही त्याच कप्प्याचा पत्ता घेऊन पडलेले असावे. तारीख आपल्या हातची नसावी, तिसऱ्याने दिलेली असावी. झेनोडो या खुल्या संशोधन-संग्रहावर ठेवले की कायमचा ओळखक्रमांक आणि तारीख मिळते, आणि प्रोग्रॅमसाठी सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह आहे. मी स्वतः शिवाय एक छापील प्रत ग्रंथालयात देणार आहे. १८५० मध्ये सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी ग्रंथालये ज्या गावात आहेत, तिथे दाखल क्रमांक आणि तारखेच्या शिक्क्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअरच्या परवान्याबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर आपल्यात पुरेसे बोलले जाते. जीडीएएल, प्रोज आणि मॅपसर्व्हर हे मुक्त स्रोत प्रकल्प ज्या एमआयटी धर्तीच्या परवान्याखाली आहेत, त्यात पेटंटचा उघड उल्लेख नाही, अपाचे २.० या परवान्यात प्रत्येक योगदानकर्ता आपल्या योगदानापुरता पेटंट परवाना देतो आणि जो पेटंटचा दावा लावेल त्याचा तो परवाना संपतो. जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीतही त्या स्वरूपाची तरतूद आहे. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीने आपली लर्क ही दाबपद्धती अपाचे २.० खाली खुली केली म्हणून आज ती जीडीएएलमध्ये निर्धास्त वापरता येते, आणि टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिन या डिजिटल पत्त्याची प्रणालीही त्याच परवान्याखाली आहे. नवीन स्वतंत्र साधन लिहिताना मी आता अपाचे निवडतो. मात्र परवाना फक्त योगदान देणाऱ्याला बांधतो. जो कधी आपल्या प्रकल्पाकडे फिरकलाच नाही आणि बाहेरून पेटंट घेऊन आला, त्याच्यापुढे कोणत्याही परवान्याचा उपयोग नाही. तिथे आधीच्या कामाचा पुरावाच लागतो.

तो पुरावा मांडण्याची जागाही कायद्यात आहे. पेटंट अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते, आणि प्रसिद्धीनंतर किमान सहा महिने पेटंट मंजूर होत नाही. या काळात कलम २५(१) खाली कोणतीही व्यक्ती हरकत नोंदवू शकते. तिचा त्या धंद्याशी संबंध असण्याची अट नाही. हरकतीच्या कारणांत आधीचे प्रकाशन आहे, भारतातला आधीचा जाहीर वापर आहे, आणि स्थानिक समुदायाला तोंडी किंवा अन्य प्रकारे माहीत असलेले ज्ञान, असेही एक कारण आहे. पूररेषा कोणत्या दगडाशी येते हे सांगणारी आंबेवाडी-चिखलीची माणसे त्या कलमात बसतील की नाही, ते कायदेतज्ज्ञांनी सांगावे. मला तरी ते कलम आमच्यासाठी लिहिल्यासारखे वाटले. एक गोष्ट मात्र खटकते. ही हरकत पूर्वी विनाशुल्क होती. २०२४ च्या नियमांनी तिला शुल्क लावले आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे का, हे आधी तपासण्याची पायरी घातली. खोडसाळ हरकती थांबाव्यात हा हेतू समजतो, पण तिघांच्या कार्यालयाला आणि जिल्ह्याच्या गावातल्या प्राध्यापकाला या दोन्ही पायऱ्या उंच आहेत. म्हणून हरकती एकेकट्याने न नोंदवता आपण मिळून नोंदवाव्यात, आणि शुक्रवारचे नियतकालिक चाळण्याची पाळी आळीपाळीने घ्यावी असे मी सुचवतो. जी०९बी २९ पुरते पाहायचे तर ते फार वेळाचे काम नाही.

माझ्या सहकाऱ्याचे मत वेगळे आहे आणि ते इथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणतो की आपणही पेटंट घ्यावे आणि ते कोणाविरुद्ध न वापरता ढाल म्हणून ठेवावे. मला ते पटत नाही. अर्ज, एजंट, परीक्षणाचे उत्तर आणि पुढे वीस वर्षांपर्यंत भरावयाचे नूतनीकरण शुल्क, एवढे करून हाती येणार ते अशा युक्तीवरचा हक्क, जी आपलीच आहे असे आपल्यालाही वाटत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: सारे लिहून जाहीर केले तर मोठ्या कंपन्या ते वाचून आपल्याच निविदा जिंकतील. जिंकतीलही. पण आपण न लिहिल्याने ते थांबले होते, असे मला तरी दिसले नाही. आम्ही काहीच लिहिले नव्हते आणि काम गेलेच.

निविदेतल्या त्या कलमाबद्दलही एक मागणी मिळून करता येईल. पेटंटभंगाची अमर्याद हमी मागण्याऐवजी, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पुरवठादाराकडून आपण कोणती साधने आणि कोणत्या प्रकाशित पद्धती वापरल्या, यांची यादी घ्यावी, आणि हमीची कमाल मर्यादा कामाच्या रकमेइतकी ठेवावी. खरेदी करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांशी मी बोललो. दोघांनीही सांगितले की हे कलम आधीच्या निविदेतून जसेच्या तसे उतरवलेले असते आणि ते कोणी मुद्दाम घातलेले नसते. लेखी सूचना आली तर बदलायला हरकत नाही, असेही त्यांपैकी एक म्हणाले. ती लेखी सूचना आपल्या सर्वांच्या सह्यांनी जावी, म्हणून तिचा मसुदा मी करून ठेवला आहे.

आमच्या वहीतून आतापर्यंत चार टिपणे तयार झाली आहेत. पहिले पूररेषा आणि जोत्यांचे. दुसरे, जुना कापडी गावनकाशा स्कॅन करताना कापडाला पडलेला ताण चारही कोपऱ्यांत वेगळा असतो, तो कसा काढावा याचे. तिसरे, उसाच्या फडाची हद्द उपग्रह चित्रावरून धरताना बांधावरची झाडे कशी वगळावीत याचे. चौथे अर्धवट आहे, ते जयंती नाल्याचे, जिथे आम्ही चुकलो होतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात अशी चार तरी असतील. ती काढावीत आणि येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांना तारीख मिळवून द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शुक्रवार पेठेतील एक नकाशाकार
कोल्हापूर

ता. क. पुन्हा पूर आलाच आणि भिंतीवर खूण करण्याची वेळ आली, तर खूण ऑइल पेंटने करावी, शेजारी बंधाऱ्याचा आकडा, तारीख आणि साल लिहावे, आणि फोटो काढताना त्या दिवसाचे वर्तमानपत्र भिंतीला धरावे. खडू पहिल्या सरीत जातो.